लेझर कटिंग मशीन घेताय? अचूक कामासाठी कोणत्या बांधणीचं मशीन निवडावं, याची सविस्तर माहिती

बेळगाव, विशेष प्रतिनिधी : उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉपचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आता त्याच्या जोडीला लेझर कटिंग आलं. पत्र्याचे ब्रॅकेट, पॅनेलची दारं, अॅक्रिलिकच्या नेमप्लेट, लग्नपत्रिकांची जाळी, गणपतीचे मखर अशी सगळी कामं लेझरवर होऊ लागली आहेत. साहजिकच नोकरी सोडून स्वतःचं मशीन टाकावं असं वाटणारे तरुणही वाढले. घर तारण ठेवून किंवा सोसायटीचं कर्ज काढून मशीन आणायचं आणि ते आपल्या कामाला चालत नाही, हे बसवल्यावर कळायचं, असं होऊ नये म्हणून ही माहिती.

मशीन विकणारा पहिल्यांदा वॉट सांगतो. "साहेब, दीड हजार वॉटचं आहे, काहीही कापतं." यातली अडचण समजून घ्या. वॉटवर दोनच गोष्टी ठरतात, किती जाडीचं कापणार आणि किती वेगाने कापणार. माप बरोबर येणार का, शंभरावा जॉब पहिल्यासारखाच येणार का, भोक गोल येणार का, हे वॉटवर ठरत नाही. ते मशीनच्या बांधणीवर ठरतं. म्हणून अचूक काम करायचं असेल तर वॉटचा प्रश्न शेवटी विचारायचा.

आधी ठरवा : अचूकता किती हवी?

अचूकता हा एकच शब्द असला तरी त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पत्रकावर त्या नेहमी एकत्र करून छापतात.

पहिली, मशीन कमीत कमी किती सरकू शकतं. पत्रकावर "०.०१ मि.मी." असं लिहिलेलं बहुतेक वेळा हेच असतं. मोटर तेवढी सरकते, म्हणून जॉब तेवढा अचूक येतो असं नाही.

दुसरी, त्याच जागी परत परत येण्याची क्षमता. दहा वेळा एकाच बिंदूवर पाठवलं तर दहाही वेळा तिथेच येतं का? जॉबवर्कवाल्याला ही सगळ्यात कामाची. कारण चूक दरवेळी सारखीच असेल तर ड्रॉईंगमध्ये तेवढी भरपाई करता येते. दरवेळी वेगळी असेल तर काही करता येत नाही.

तिसरी, खरं माप. ड्रॉईंगवर ३०० असेल तर जॉब ३०० येतो का? यात मशीनच्या चुकीबरोबर काप किती रुंद पडला, उष्णतेने माल किती वाकला, कडा किती तिरकी झाली हे सगळं येतं.

आता आपलं काम कुठल्या वर्गातलं आहे ते बघा. मखर, शोभेची जाळी, अक्षरं यांत अर्धा मि.मी. इकडे-तिकडे झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. एकमेकांत अडकणाऱ्या अॅक्रिलिकच्या किंवा एमडीएफच्या खोक्याला ०.१ मि.मी.च्या आत राहावं लागतं, नाहीतर सांधा एक तर ढिला होतो, नाहीतर बसतच नाही. पत्र्याच्या बऱ्याच जॉबना ०.१ ते ०.२ मि.मी. चालतं. डाय-पंचसारखं काम असेल, जिथे ०.०१ मि.मी.चा हिशोब चालतो, तिथे लेझरचा विचार सोडा. ते काम वायरकटचं. लेझरने कापून नंतर मिलिंग किंवा ग्राइंडिंग करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

प्रकाश कुठला : सीओटू, फायबर की डायोड?

पहिला फाटा इथे फुटतो. लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी जशी असेल तसा माल तो प्रकाश शोषतो किंवा परत फेकतो.

सीओटू लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, एमडीएफ, अॅक्रिलिक, कागद, कापड, चामडं, रबर हे सगळं ती चांगली शोषतात. आपल्या भागाशी याचा जवळचा संबंध आहे. या लेझरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये लावणारे सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याच्या सीओईपीमधलं. पुढे १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी लेझरबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून पोलाद कापून दाखवलं, आणि तिथून पत्र्याच्या लेझर कटिंगची वाट खुली झाली.

फायबर लेझरची तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन, म्हणजे सीओटूच्या दहावा हिस्सा. लोखंड, स्टेनलेस, अॅल्युमिनियम, पितळ, तांबं यांना हीच चालते. मात्र पारदर्शक अॅक्रिलिकमधून ती आरपार निघून जाते, कापत नाही. "एकाच फायबर मशीनवर धातूही कापू आणि अॅक्रिलिकही कापू" असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. वीजवापरात फायबर पुढे आहे. घेतलेल्या विजेपैकी ३० ते ४० टक्के प्रकाशात उतरते, सीओटूमध्ये साधारण १० टक्के.

डायोड लेझर म्हणजे निळ्या प्रकाशाची, टेबलावर मावणारी स्वस्त मशीनं. पातळ प्लाय, कागद, चामडं आणि कोरीवकाम यासाठी ठीक. पारदर्शक अॅक्रिलिक कापत नाहीत, आणि धातू कापण्याचा प्रश्नच नाही. घेताना एक तपासा. खोक्यावर मोठ्या अक्षरात "४० वॉट" लिहिलेलं असतं, ते पुष्कळदा मशीनने ओढलेल्या विजेचं असतं. प्रत्यक्ष प्रकाशाचे वॉट त्याच्या बरेच खाली असतात. "ऑप्टिकल पॉवर किती?" असा स्पष्ट प्रश्न विचारा.

काय हलतं, ते बघा

अचूकतेचा गाभा इथे आहे. प्रकाश आणि माल यांच्यात कुणीतरी हलावंच लागतं. कोण हलतं यावरून चार बांधण्या होतात.

*माल स्थिर, डोकं हलतं.* बाजारातली बहुतेक मशीनं याच पद्धतीची. वर गॅन्ट्री असते, तिच्यावर कटिंग हेड फिरतं. माल कितीही जड असला तरी हलवायचा नसल्याने वेग चांगला मिळतो. सीओटूमध्ये मात्र याची किंमत मोजावी लागते. ट्यूबमधून निघालेला किरण तीन आरशांवरून वळत डोक्यापर्यंत येतो. १३०० बाय ९०० मि.मी.च्या बेडवर जवळच्या कोपऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत किरणाचा प्रवास २.२ मीटरने वाढतो. प्रवास वाढला की किरण पसरतो, काप रुंदावतो आणि ताकद कमी पडते. आरसा किंचित फिरलेला असेल तर तेही लांबच्या कोपऱ्यात उघडं पडतं. किरण मीटरला अर्धा मि.मी. सरकत असेल तर दोन मीटरवर पूर्ण एक मि.मी. सरकलेला असतो. "डावीकडे कापतं, उजवीकडे अडकतं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

फायबरमध्ये हा त्रास नाही. प्रकाश काचेच्या तंतूतून थेट डोक्यापर्यंत येतो, त्यामुळे बेडच्या कुठल्याही कोपऱ्यात किरण तसाच राहतो. अचूक धातूकामात फायबर पुढे गेलं, त्याचं हे एक मोठं कारण.

*डोकं स्थिर, माल हलतो.* किरणाचा मार्ग कधीच बदलत नाही, म्हणून काप सगळीकडे सारखा. पण बेडसकट माल हलवायचा म्हणजे वजन आलं, वजन आलं की वेग कमी. जागाही दुप्पट लागते. लहान आणि हलक्या, पण बारीक कामाला ही बांधणी उत्तम.

*एका दिशेला डोकं, दुसऱ्या दिशेला माल.* ही मधली वाट. किरणाच्या प्रवासातला फरक अर्ध्यावर येतो. लहान जॉबच्या अचूक मशीनमध्ये ही बांधणी दिसते.

*काहीच हलत नाही, फक्त दोन छोटे आरसे फिरतात.* याला गॅल्व्हो म्हणतात. वेग डोळ्यांना पकडता येत नाही इतका. लग्नपत्रिकेची बारीक जाळी सीओटू गॅल्व्होवर सुंदर होते. चांदीच्या पातळ पत्र्याचं नाजूक काम, जसं हुपरी भागात चालतं, त्यासाठी फायबर गॅल्व्हो. मर्यादा दोन. नेहमीच्या १६० मि.मी. लेन्सला साधारण ११० बाय ११० मि.मी. एवढंच क्षेत्र मिळतं. शिवाय मधोमध किरण सरळ पडतो आणि कडेला तिरका, त्यामुळे जाड मालात कडेची भोकं तिरकी येतात. पातळ मालातच याचा फायदा.

ओढणारी यंत्रणा : बेल्ट, स्क्रू, रॅक की लिनियर मोटर?

*बेल्ट :* स्वस्त, हलका, वेगवान. सीओटूच्या बहुतेक मशीनमध्ये हाच. पण बेल्ट ताणला जातो, वर्षभरात ढिला पडतो. ताण कमी-जास्त झाला की वर्तुळाचं अंडं होतं. अक्षरं, मखर, कापड यांना भरपूर झालं. ०.१ मि.मी.च्या आतलं काम रोज हवं असेल तर बेल्टचा ताण दर महिन्याला तपासायची तयारी ठेवा.

*बॉलस्क्रू :* लहान बेडवर अचूकतेत बेल्टच्या कितीतरी पुढे. मागे-पुढे जाताना ढिलाई फार थोडी. लांबी वाढली की मात्र स्क्रू मधोमध थरथरतो, म्हणून मीटर-दीड मीटरपर्यंतच शोभतो. ६०० बाय ६०० मि.मी.च्या बंद, लहान फायबर मशीनमध्ये हा चांगला पर्याय.

*रॅक आणि पिनियन :* ३००० बाय १५०० मि.मी.च्या पत्र्याच्या मशीनला हाच. लांबीची अडचण नाही. दाते तिरके घासलेले असतील तर चाल मऊ आणि अचूक, साधे असतील तर खडखड. ऑईलिंग वेळेवर होतं का आणि धूळ कुठे साचते, ते बघा.

*लिनियर मोटर :* दाते नाहीत, स्क्रू नाही, घासणारं काहीच नाही, म्हणून ढिलाईही नाही. सगळ्यात अचूक आणि सगळ्यात महाग. अशी मशीनं बऱ्याच वेळा ग्रॅनाइटच्या बैठकीवर असतात. घड्याळाचे भाग, इलेक्ट्रॉनिक्स, वैद्यकीय उपकरणं अशा कामासाठी. तशी ऑर्डर हातात नसेल तर हा खर्च फिटणार नाही.

मोटर स्टेपर आहे की सर्व्हो, हेही विचारा. साध्या स्टेपरला सांगितलेलं अंतर खरंच गेलो की नाही, ते कळत नाही. मध्ये अडकला तर तो पुढचा सगळा जॉब सरकवून कापतो आणि तक्रारही करत नाही. सर्व्होला मागून खबर मिळते, चुकलं तर तो थांबतो.

सांगाडा आणि ऊन

सांगाडा वेल्डिंगने केलेला असेल तर वेल्डिंगनंतर भट्टीत तापवून ताण काढला आहे का, ते विचारा. नसेल तर पुढची दोन वर्षं तो हळूहळू वाकत राहतो, आणि तुम्ही दर महिन्याला मशीन सरळ करत बसता.

उष्णतेचा हिशोब तर कुणी सांगतच नाही. लोखंड एका अंश तापमानाला मीटरमागे साधारण ०.०१२ मि.मी. वाढतं, अॅल्युमिनियम ०.०२३ मि.मी. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळ आणि दुपार यांत १२ अंशांचा फरक सहज पडतो. १३०० मि.मी.चा अॅल्युमिनियम रेल तेवढ्यात ०.३६ मि.मी.ने लांबतो. अॅक्रिलिक तर याहून चढेल, १० अंशांना मीटरमागे सुमारे ०.७ मि.मी. सकाळी कापलेली शीट दुपारी मोजली तर माप वेगळं येणारच. पत्र्याच्या शेडमध्ये ०.१ मि.मी.चं काम करायचं असेल तर मशीनच्या किमतीत छताच्या इन्सुलेशनचा खर्च धरा.

लेन्स : छोटी वस्तू, मोठा फरक

किरण किती बारीक होतो हे लेन्सवर ठरतं. सीओटूमध्ये २ इंची लेन्सने साधारण ०.१३ ते ०.१५ मि.मी.चा ठिपका मिळतो. ४ इंची लावली की ठिपका दुप्पट होतो, पण किरण सरळ राहण्याची खोली चौपट होते. म्हणजे कागद आणि पातळ शीटसाठी दीड इंची, रोजच्या कामाला २ इंची, १२ मि.मी.च्या पुढच्या अॅक्रिलिकला ४ इंची. एकाच लेन्सवर सगळं काम करायला गेलात तर जाड मालाची कडा तिरकी येते.

फायबरमध्ये नोझल आणि पत्रा यांतलं अंतर अर्धा ते एक मि.मी. राखावं लागतं. पत्रा कधीच सपाट नसतो, म्हणून उंची आपोआप सांभाळणारा सेन्सर हवाच. तो नसलेलं फायबर कटिंग मशीन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

गॅस कुठला?

ऑक्सिजन लोखंडाबरोबर जळतो आणि कापायला मदत करतो, म्हणून कमी वॉटमध्ये जाड एमएस कापलं जातं. पण कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. तो न काढता पावडर कोटिंग केलं तर कडेचा रंग सुटतो. स्टेनलेसला नायट्रोजन लागतो. कडा चकचकीत येते, पण दाब १० ते २० बारच्या घरात असल्याने सिलिंडर भराभर संपतात. पातळ पत्र्याला दमदार कॉम्प्रेसरची कोरडी हवाही चालते, फक्त त्या हवेत तेल आणि पाणी नको. तेलाचा एक थेंब लेन्सची काच जाळतो.

अचूक कामात दोन नियम लक्षात ठेवा. जाड एमएसमध्ये पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझरने नीट येत नाही, ते ड्रिलला सोडा. आणि मध्यम कार्बनच्या पोलादात लेझरने कापलेली कडा कडक होते. तिथे थेट आटे पाडायला गेलात तर टॅप तुटतो.

आपला पावसाळा आणि आपली वीज

परदेशी पत्रकात बेळगावचा पाऊस नसतो. जुलैत हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की २३ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. चिलरचं पाणी सवयीने २० अंशांवर ठेवलं असेल तर ट्यूबवर आणि लेन्सवर पाणी जमणार. सीओटूच्या काचेच्या ट्यूबला काही हजार व्होल्ट जातात, तिथे ओलावा म्हणजे ठिणगी. पावसाळ्यात चिलर दवबिंदूच्या वर ठेवा, किंवा खोलीत डिह्युमिडिफायर बसवा. खानापूर, चंदगड, सावंतवाडीकडच्या वाचकांनी तर हे विसरूच नये. फायबर घेताना सोर्सच्या कपाटाला एसी आहे का, ते बघून घ्या.

विजेबाबत, मशीनला सिंगल फेज चालतो की थ्री फेज लागतो आणि तुमच्या जागेला तेवढा लोड मंजूर आहे का, हे हेस्कॉमकडे किंवा पलीकडे महावितरणकडे आधी विचारा. स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग हा खर्च मशीनबरोबरच धरायचा.

पैसे देण्याआधी या पाच चाचण्या घ्या

विक्रेत्याचे नमुने बघू नका, ते चांगलेच असतात. स्वतःचा माल, स्वतःचं ड्रॉईंग आणि स्वतःचा व्हर्नियर घेऊन जा.

१. *चौरस :* ३०० मि.मी.चा चौरस कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४२४.२६ च्या आसपास आणि एकमेकांइतके हवेत. कर्णांत १ मि.मी.चा फरक असेल तर चौरस ३०० मि.मी.ला ०.७ मि.मी.ने तिरका आहे.

२. *वर्तुळ :* ५० मि.मी.ची चकती कापून आडवी, उभी आणि दोन्ही तिरप्या दिशांनी मोजा. चारही मापं सारखी हवीत. फरक असेल तर यंत्रणेत ढिलाई आहे.

३. *कापाची रुंदी :* १०० मि.मी. रुंदीत १०-१० मि.मी.च्या दहा पट्ट्या कापा, शेजारी शेजारी घट्ट लावून मोजा. ९८.२ भरले तर १.८ मि.मी. दहा पट्ट्यांत गेले, म्हणजे एक काप ०.१८ मि.मी. चा. ड्रॉईंगमध्ये तेवढी भरपाई करायची.

४. *पाच जागा :* तोच जॉब चार कोपऱ्यांत आणि मधोमध कापा. कडा आणि माप सगळीकडे सारखं येतं का?

५. *गरम मशीन :* तासभर सलग चालवून पहिला जॉब परत कापा. पहिल्या आणि शेवटच्या मापातला फरक हीच मशीनची खरी किंमत.

मोठं मशीन असेल तर पोझिशनिंगची चाचणी आयएसओ २३०-२ प्रमाणे झाली आहे का आणि कापाचा दर्जा आयएसओ ९०१३ च्या कुठल्या वर्गात बसतो, हे लेखी मागा. देत नसतील तर त्याचा अर्थ तुम्हीच काढा.

हिशोब : घ्यावं की बाहेरून करून घ्यावं?

खालचे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत, आपले आकडे घालून परत करा. समजा मशीन २० लाखांचं, आठ वर्षांनी ४ लाखांना विकलं जाईल. म्हणजे वर्षाचा घसारा २ लाख. पहिल्या वर्षाचं व्याज २ लाख. ऑपरेटर २ लाख ४० हजार. भाडं आणि वीज १ लाख ६० हजार. गॅस, लेन्स, नोझल, दुरुस्ती २ लाख. एकूण १० लाख.

मशीन वर्षाला २००० तास कापत राहिलं तर तासाला ५०० रुपये पडले. १००० तासच काम मिळालं तर तासाला १००० रुपयांच्या जवळपास, कारण घसारा, व्याज, पगार आणि भाडं मशीन बंद असलं तरी थांबत नाही. आता बाहेर जॉबवर्कला महिन्याला ३० हजार देत असाल तर वर्षाचे ३ लाख ६० हजार वाचतील. उरलेले ६ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला ५३ हजारांहून जास्त काम बाहेरून आणावं लागेल, तेव्हा कुठे बरोबरी. शिवाय कर्जाचं मुद्दल खर्चात धरत नाहीत, पण हप्त्यात ते खिशातूनच जातं. ते विसरूनच बरेच जण अडचणीत येतात.

अचूकतेचा हिशोब यातच आहे. बेल्टचं मशीन दोन लाखांनी स्वस्त मिळालं आणि शंभरात आठ जॉब परत आले, तर माल गेला, गॅस गेला, वेळ गेला. त्याहून मोठं म्हणजे गिऱ्हाईक गेलं. उलट मखर आणि अक्षरंच कापायची असतील तर बॉलस्क्रूवर घातलेले जादा पैसेही वायाच.

जिवावरचे धोके

फ्लेक्सची दुकानं चालवणारे बरेच जण जोडीला लेझर घेतात, म्हणून हे ठळकपणे : *फ्लेक्स, व्हिनाईल स्टिकर आणि बहुतेक रेक्झिन पीव्हीसीचं असतं. ते लेझरवर कापायचं नाही.* त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसं जाळतो आणि मशीनचे रेल महिन्याभरात गंजवतो. माल पीव्हीसी आहे का, अशी शंका असेल तर मोकळ्या हवेत तांब्याची तार लाल करून मालाला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो माल बाजूला ठेवा. टेफ्लॉनचाही धूर विषारी. क्रोम पद्धतीने कमावलेलं चामडंही टाळा. कोल्हापुरी चपलेला लागणारं झाडपाल्याने कमावलेलं चामडं चालतं, पण धूर बाहेर काढणारा पंखा हवाच.

फायबरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यातून आरपार जाऊन पडदा जाळतो आणि दुखतही नाही. सीओटू मशीनची साधी अॅक्रिलिकची खिडकी त्याला अडवत नाही. त्याच तरंगलांबीचा चष्मा किंवा पूर्ण बंद कॅबिन हवी. आयईसी ६०८२५-१ प्रमाणे वर्ग १ म्हणजे पूर्ण बंद आणि सुरक्षित, वर्ग ४ म्हणजे उघडं आणि सर्वात धोकादायक. लहान मुलं येतात-जातात अशा घराला लागून दुकान असेल तर उघडं मशीन आणूच नका. आणि मशीन चालू ठेवून चहाला जायचं नाही. लाकूड आणि अॅक्रिलिक पेट घ्यायला क्षणही लागत नाही.

थोडक्यात, कुणी काय घ्यावं?

* नेमप्लेट, मखर, एमडीएफ, कापड : सीओटू, बेल्ट, डोकं हलणारी गॅन्ट्री. मोठ्या बेडचा मोह टाळा.
* अॅक्रिलिकचे सांधे, मॉडेल, बारीक खोकी : सीओटू, लहान बेड, सर्व्हो मोटर, दोन-तीन लेन्स.
* लग्नपत्रिका, कागदाची जाळी : सीओटू गॅल्व्हो.
* चांदी-पितळेचं पातळ नाजूक काम : फायबर गॅल्व्हो, किंवा बॉलस्क्रूचं लहान फायबर. किरण उलटा फिरून सोर्स बिघडू नये, याची सोय आहे का ते बघा.
* पत्र्याचं रोजचं जॉबवर्क : फायबर, तिरक्या दात्यांचा रॅक, ताण काढलेला सांगाडा.
* ०.०५ मि.मी.च्या आतलं रोजचं काम : लिनियर मोटर, तेही ऑर्डर हातात असेल तरच.
* छंद, शिकण्यासाठी : बंद खोक्यातलं डायोड.

शेवटचं, सर्व्हिस. मशीन बंद पडल्यावर माणूस किती तासांत येणार, ट्यूब किंवा सोर्सची वॉरंटी तासांवर आहे की वर्षांवर आणि सुटे भाग कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्यात मिळतात का, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दाला दुकानात किंमत असते, वॉरंटीत नसते. त्या विक्रेत्याकडून आधी घेतलेल्या दोन कारखानदारांचा पत्ता मागा, त्यांच्या शेडवर जा आणि मालकाऐवजी ऑपरेटरशी बोला. मशीन खरं कसं आहे ते त्यालाच माहीत असतं.